रॅम्पवर चप्पल ठेवू नये

येडशी, ४ डिसेंबर २०२४

दादा,

जय भीम. एवढा तरी घे. बाकीचं पत्र वाचायचं की नाही ते मग ठरव.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजला निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचतोस आणि गप्प बसतोस. शेवटी महांतेशभाऊंनीच त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत सुचवलं, "अक्का, तुम्ही कागद पाठवा. फोन त्यानं उशीखाली दाबून ठेवतो. कागद कुठं दाबणार?" म्हणून हा कागद, बीदरला, तू राहतोस त्या त्यांच्या गोदामाच्या पत्त्यावर.

तर मला कळलंय. तू त्यांना शपथ घातली होतीस, तरी त्यांनी सांगितलं. त्यांच्यावर रागावू नकोस. रागवायचं तर माझ्यावर रागव, तुला सवय आहे. हुमनाबादच्या अलीकडं ट्रकचं टायर बदलताना मागून गाडी आली आणि तुझा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दिवाळीच्या आधीची गोष्ट. आणि घरी तू काय सांगितलंस, तर लांबचा माल मिळालाय, गुवाहाटीकडं चाललोय. आई शेजारीपाजारी सांगत फिरते, आमचा धम्मा हत्तींच्या मुलखात गेलाय. मी ऐकते आणि मान हलवते. वहिनीला सांगितलं, आईला अजून नाही.

पत्र कितीही लांबलं तरी मागणं एकच आहे, ते आधीच सांगते. घरी ये.

महांतेशभाऊ म्हणाले, तुला गावात यायचंच नाही. चार जणांनी उचलून गाडीतून उतरवलेलं तुला बघवणार नाही. हे वाक्य मला पाठ आहे दादा. फक्त ते माझ्या तोंडचं आहे, तुझ्या नाही.

तेरखेड्याच्या फाट्यावरचं तू विसरलेला नाहीस, मीही नाही. चार वर्षांपूर्वी मी पुण्याहून नवी खुर्ची घेऊन आले. गाडीचं दार उघडायचा अवकाश, तू धावत आलास आणि नेहमीसारखे माझ्या काखेत हात घातलेस. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "विचारल्याशिवाय हात लावू नकोस." टपरीवरचे लोक चहा प्यायचे थांबले. तू हात काढून घेतलेस आणि पँटला पुसलेस. त्यानंतर तुझं माझ्याशी बोलणं म्हणजे बरं हाय, ठीक हाय, आईला देतो.

ज्यानं पहिलीपासून दहावीपर्यंत पाठीवर बसवून शाळेत नेलं त्याला ही पोरगी असं बोलली, असं गाव अजून म्हणतं. म्हणू दे. मी माफी मागायला बसलेले नाही. तेव्हा मी बरोबर होते, आजही आहे. कुणी सांगितलं होतं की बरोबर असलं की माणूस सोडून जात नाही? मला तसं वाटलं होतं खरं.

कालचीच गंमत सांगते. काल दिव्यांग दिन. एका संस्थेनं माझा सत्कार ठेवला होता. भाषणाचा विषय सुगम्यता, आणि व्यासपीठ छातीएवढं उंच, रॅम्प नाही. चार कार्यकर्ते बाह्या सरसावून आले. म्हणाले, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, फुलावानी उचलतो." मी आपलं ठेवणीतलं वाक्य काढलं. मग धावपळ झाली आणि पाहुण्यांनाच खाली यावं लागलं. माझ्या मांडीवर नारळ ठेवताना त्यांचा फेटा घसरून डोळ्यांवर आला. तू असतास तर शिट्टी मारली असतीस.

इथं मी कशाला आलेय ते तुला माहीत नसेल. पुण्याची आमची संस्था आपल्या जिल्ह्यातल्या काही गावांची पाहणी करतेय. शाळा, दवाखाने, पंचायती, देवळं, विहार यांत आमच्यासारख्यांना जाता येतं का, येत नसेल तर काय केलं पाहिजे. येडशीत तळमजल्यावरची खोली घेतलीय. सोबतीला अनिरुद्ध आहे, तुळजापूरच्या पुजारी घरातला, शिकून आर्किटेक्ट झाला. गळ्यात जानवं आणि कमरेला मोजपट्टी. फेब्रुवारीअखेर काम आहे. आणि दर रविवारी मी घरी जाते.

माझे पाय पोलिओनं नेले तेव्हा मी दीड वर्षाची होते. मला ते आठवतही नाहीत. तुझा तुला आठवत असणार. म्हणून तुझं दुःख मला कळतं असं मी म्हणणार नाही.

श्रावस्ती

•

येडशी, २० डिसेंबर

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं मी कुणाला म्हणाले नव्हते, फक्त पोस्टमन दिसला की खुर्ची दारापर्यंत यायची.

आमच्या पाहणीतला पहिला प्रश्न मी मुद्दाम घातलाय. तुम्हाला कुठं जावंसं वाटतं, पण जाता येत नाही? अनिरुद्धला वाटलं, लोक दवाखाना म्हणतील, बँक म्हणतील. आपल्या वाशीकडच्या एका गावात शिवपुत्र आप्पा म्हणून म्हातारे आहेत, पक्षाघातानं एक बाजू गेलेली. ते म्हणाले, "पयलं भाईर बसाय जायचो तवा वाटंत चार माणसं भेटायची. आता पोरानं घरात संडास केला. तितं कोण भेटतंय?" अनिरुद्धनं पेन खाली ठेवलं. पुढं ज्ञानेश्वरी भेटली, विशीतली पोर, कुबडीवर चालते. मी विचारलं, तर म्हणाली, "कुटंबी." म्हटलं, कुठंबी म्हणजे? "कुटंबी ओ ताई. पण 'थांब, मी येते संगट' असं कुणी म्हणाय नगं."

तिच्या दारातून निघताना मला तू आठवलास. मी तिच्याएवढी होते तेव्हा मलाही हेच हवं होतं. आणि ज्याच्याकडून सुटायचं होतं तो सगळ्यांत जवळचा माणूस होता. आता मी पुण्यात एकटी बसनं जाते, एकटी बाजार करते, एकटी सिनेमाला जाते. मिळालं सगळं. सिनेमा संपला की मात्र काय वाईट होता म्हणून शिव्या घालायला शेजारी कुणी नसतं.

आता आपल्या गावची बातमी. विहाराला रॅम्प होतोय. बांधकाम आमच्या कामात बसत नाही, पण अनिरुद्धनं रविवारी फुकट आराखडा काढून दिला आणि समितीनं वर्गणी जमवली. विहाराचं जोतं अडीच फूट. नियम असा की एक फूट चढायचं तर बारा फूट उतार हवा. म्हणजे तीस फूट रॅम्प. समितीतले नानासाहेब डोक्याला हात लावून म्हणाले, "तीस फूट? आगं, हायवे काढती का काय? पाच फुटात बशीव की. चार पोरं ढकलत्याल तुला!"

"चार पोरं लागू नयेत म्हणूनच तीस फूट, नाना."

मग नानांनीच कडुनिंबाला वळसा घालून जागा काढून दिली. झाड तोडायचं नाही म्हणाले.

दुसरा वाद चाकांचा. विहारात चप्पल चालत नाही, मग खुर्चीची चाकं कशी चालतील? दोघातिघांनी विषय काढला. मी ओलं फडकं घेऊन चाकं पुसायला लागले, तेवढ्यात नाना खेकसले, "चाकं म्हंजी तिचं पाय हायती. पाय धुऊन आत यायचं, खलास. ती काय बूट घालून आली व्हय?" समितीचा ठराव झाल्यासारखं सगळे हो हो म्हणाले.

आजवर मी विहारात कधी एकटी गेलेले नाही. तू न्यायचास. पाठीवरून खाली घेऊन खिडकीखाली भिंतीला टेकवायचास आणि वंदना सुरू झाली की सगळ्यांच्या एक शब्द पुढं पळायचास. नाना डोळे वटारायचे. मला हसू यायचं, मग तेच माझ्यावर डोळे वटारायचे.

तुला विचारतेय दादा, पाहणीचा भाग म्हणून नाही. तुला कुठं जावंसं वाटतं?

श्रावस्ती

•

येडशी, ६ जानेवारी २०२५

दादा,

आज रागात लिहितेय, तेव्हा जय भीम शेवटी.

रोहिणीवहिनी बीदरला गेली. आईला माहेरी जाते असं सांगून, एकटी, दोन गाड्या बदलून. आणि तू तिला दुसऱ्या दिवशी परत धाडलंस. ती काल माझ्याकडं येडशीला उतरली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावून तशीच रडली. म्हणाली, "न्हाणीत जात्यात तर कडी लावून घेत्यात. धपकन आवाज आला. मी दार वाजवत बसले. आतनं म्हणत्यात, काय न्हाय झालं, जा तू. लई वेळानं भाईर आले तर कपाळाला खोक."

लाज वाटते का रे? वाटत असणारच. मलाही वाटायची. होस्टेलला पहिल्या वर्षी मी पाणी प्यायचं सोडलं होतं, म्हणजे बाथरूमला जायला नको. ताप येऊन पडले तेव्हा तू ट्रक रस्त्यात सोडून आला होतास. तेव्हा माझ्यावर किती ओरडला होतास ते आठव आणि तेच स्वतःला ऐकव.

आता नीट वाच. न्हाणीत कडी लावायची नाही. दार लोटून घ्यायचं आणि बाहेर कुबडी टेकवून ठेवायची, म्हणजे आत माणूस आहे हे कळतं. फरशी ओली असेल तर आधी बसायचं, मग पाणी घ्यायचं. प्लास्टिकचं स्टूल आण, त्याला चारही पायांना रबर हवं. पडायला लागलास तर धरायला धडपडू नकोस, अंग सैल सोड आणि कुशीवर पड. हे मला कुणी शिकवलं नाही, मी पडून पडून शिकले. तुला फुकट मिळतंय.

आणि एक वस्तू तुला देते. माझ्याकडं ती एकच आहे आणि तुला ती मुळीच आवडत नाही. लोक धावत येतील, दंड पकडतील, कंबर पकडतील, कुबडी हिसकावून आधार देतील. सगळे भले असतील. तू नुसता सोसत राहशील नाहीतर अंगावर जाशील, मला तुझा स्वभाव माहीत आहे. त्याऐवजी एवढंच म्हण, विचारल्याशिवाय हात लावू नका. आवाज न चढवता म्हणायचं. समोरचा दुखावतो, हे मी बघितलंय. तरी म्हणायचं.

मी फाट्यावर तुला दूर लोटलं नव्हतं दादा. मी फक्त माझं अंग माझ्याकडं मागून घेतलं होतं. हे तेव्हा तुला समजावता आलं असतं, पण टपरीवर एवढी माणसं, आणि तू तर लगेच पाठ फिरवलीस.

वहिनी पुन्हा येणार आहे. तिला परत पाठवलंस तर मी येईन, खुर्चीसकट, आणि गोदामाच्या दारात बसेन. तिथं पायरी आहे हे मला महांतेशभाऊंनी सांगितलंय. पायरीखाली बसेन.

जय भीम.

श्रावस्ती

•

येडशी, २४ जानेवारी

दादा,

महांतेशभाऊंचा फोन आला. म्हणाले, "अक्का, तो पहिल्यांदा काही विचारला." मी विचारलं, काय? तर तू म्हणालास म्हणे, "तीस फुटाच्या उतारावर ती ब्रेक कसा मारती?"

दादा, मी फोन ठेवला आणि एकटीच हसले, आणि मग हसता हसता डोळे पुसले. चार वर्षांत तुझा मला पहिला प्रश्न, आणि तोही ब्रेकचा! ड्रायव्हर तो ड्रायव्हर. तर ऐक. चाकाच्या बाहेर लोखंडी कडं असतं, उतरताना ते तळहातानं दाबत सोडायचं, ट्रक गिअरमध्ये ठेवून घाट उतरवतोस तसं. हात तापतो. मी जुन्या कातडी हातमोज्यांची बोटं कापून घेतलीत. एकाला बारा असा उतार असला की खुर्ची पळत नाही, म्हणून तर तो नियम. तू येऊन बघ हवं तर.

रॅम्प झाला. छान झाला, कठड्याला दोन्ही बाजूंनी पाइप आहे. मी पहिल्यांदा एकटी वर गेले तेव्हा आई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. आत गेले आणि खिडकीखाली, तू बसवायचास तिथं, खुर्ची लावली. उंची बदलली होती. तिथून मला पहिल्यांदा खिडकीबाहेरचं दिसलं. तिथून फाटा दिसतो, तुला माहीत होतं? मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण ऐक, गावानं त्या रॅम्पचं काय केलं. पुढच्याच रविवारी जाते तर अख्ख्या रॅम्पवर चपला! आत जाताना चप्पल काढायची, आणि वाटेवर ही नवी, स्वच्छ, सिमेंटची जागा. पायरीच्या धुळीत कोण काढणार? लहान, मोठ्या, सँडल, बूट, वळणावर तर ढीग. मी खाली, विहार वर, मध्ये सगळं गाव चपलांच्या रूपानं पसरलेलं. वंदना सुरू झाली आणि मी कडुनिंबाखाली बसून ऐकली. बाहेर आल्यावर सगळे म्हणतात, "श्रावस्ती, आत का न्हाय आलीस गं?"

आईनं पाटी लिहून घेतली, रॅम्पवर चप्पल ठेवू नये. पुढच्या रविवारी लोकांनी पाटीच्या खाली ठेवल्या. आता आई स्वतःच काठी घेऊन वळणावर बसते. समितीच्या अध्यक्षांचे बूटसुद्धा तिनं काठीनं खाली ढकलले.

आईचं आणखी एक सांगायचंय. गेल्या रविवारी मी भाकरीचा घास मोडला आणि ती चुलीकडं तोंड करून म्हणाली, "कुठला पाय गं? डावा का उजवा?"

वहिनीनं मान खाली घातली. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं?

"मला कोण काय सांगतंय? रोहिणी माहेरला गेली आन् येताना तिच्या भावानं दिलेली लुगड्याची घडी न्हाय का शेंगाचं गठुडं न्हाय. माहेरासनं रिकामी येती व्हय बाई? आन् तू, हत्तीचं नाव काढलं की खाली बघती. मी जित्ती हाय अजून."

डावा, म्हणून सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "ह्याला लहानपणी डाव्याच पायाला इंगळी डसली व्हती. तवा बी सांगितलं न्हाय. सुजून केळीवानी झाला तवा कळलं." वहिनी सांगते, तेव्हापासून ती रोज रात्री बाजेची जागा बदलते. एकदा दाराजवळ, एकदा भिंतीकडं. तू उतरून कुठल्या बाजूनं उठशील याचा अंदाज घेते.

रामलिंगच्या देवळालाही जाऊन आले, कामाला नाही, अशीच. वरपर्यंत खुर्ची जाते, मग पायऱ्या खाली दरीत उतरतात. चौथीच्या सहलीत तू शाळा बुडवून आमच्या मागं चालत आला होतास, मला खाली न्यायला. तुझ्या मानेला मी गच्च मिठी मारली होती आणि माकडानं माझ्या हातातला पेरू नेला. तू म्हणालास, पेरू जाऊ दे, तू सोडू नको. अनिरुद्धनं विचारलं, इथं काय करता येईल? मी म्हणाले, इथं काही करू नये. सगळीकडं रॅम्प हवा असं मी जन्मभर सांगत आले, आणि तिथं बसून मला वाटलं, ही एक जागा राहू दे, जिथं खाली जायचं तर कुणाची तरी पाठच लागते.

हे अहवालात लिहिणार नाही. तुलाच लिहितेय. मला तुझ्या पाठीची आठवण येते दादा. डिझेल आणि लाइफबॉयचा वास, तुझ्या कानामागचा तीळ, आणि तू बोललास की माझ्या छातीत वाजायचं ते. मला आता कुणी उचलू नये हेही खरं, आणि हेही तितकंच खरं. दोन्ही कसं खरं असतं ते मला माझ्या कामात कुठं लिहिता येत नाही.

श्रावस्ती

•

येडशी, ५ फेब्रुवारी

दादा,

तू ये किंवा येऊ नकोस, रस्ता मात्र मी पाहून ठेवलाय.

शनिवारी अनिरुद्धच्या गाडीतून लातूरपर्यंत जाऊन आले. तो म्हणाला, हे आपल्या पाहणीत कुठं बसतं? मी म्हणाले, ही एका माणसाची पाहणी आहे. तो बिचारा गाडी चालवत राहिला. तू हा रस्ता डोळे मिटून चालवला असशील. कुठल्या ढाब्याची डाळ पातळ आणि कुठं चहात आलं घालतात ते तू मला सांगशील. मी तुला संडास सांगते.

बीदरहून सकाळी निघा, महांतेशभाऊंच्या पिकअपमध्ये पुढं बस, डाव्या बाजूला. पाय लोंबकळू देऊ नको, खाली उशी दे. उदगीरपर्यंतचं त्यांना ठाऊक आहे. लातूर ओलांडलं की मुरूडच्या पुढं डाव्या हाताला एक नवा पेट्रोल पंप आहे. तिथं बसायचं कमोड आहे, दार रुंद आहे, कडी नीट लागत नाही आणि तेच आपल्याला हवंय. ढोकीच्या अलीकडं कडुनिंबाखाली ढाबा आहे, तिथं जेवा. बाहेर बाजा टाकलेल्या असतात, त्यांची उंची तुला उठायला बरोबर पडेल. मी स्वतः खुर्चीवरून बाजेवर जाऊन बघितलं. मालक म्हणाला, ताई, बरं वाटत न्हाय का? म्हटलं, भाऊ यायचाय.

येडशीला मी भेटणार नाही. मुद्दाम. तुला वाटेल माझ्यासमोर उतरावं लागेल. पुढं तेरखेड्यातून जाताना दारूकामाच्या, फटाक्यांच्या दुकानांपाशी गर्दी असते, तिथं थांबू नका, तुझ्या ओळखीचे लोक तिथंच उभे असतात. फाट्यावर तर नकोच. सरळ आत या.

घराची पायरी काढलीय. तिथं लाकडी फळी आहे, वहिनीनं तिच्यावर खडे चिकटवून खरबरीत केलीय, कुबडी घसरणार नाही. न्हाणीत भिंतीला दोन पाइप बसवलेत. कडी काढून टाकली आईनं, स्वतःच, दगडानं ठोकून. बाज अखेर दाराजवळ ठेवायची ठरलीय. आरसा खाली आणलाय, म्हणजे बसून दाढी करता येईल.

आणि गाव. गावाचं मला काही करता आलं नाही. नाना येतील, पोरं येतील, गलका होईल, हात पुढं येतील. तिथं माझी मोजपट्टी चालत नाही. तिथं तुला मी दिलेली वस्तू वापरावी लागेल.

बुधवारी माघ पौर्णिमा आहे. संध्याकाळी विहारात वंदना आहे. तू कुठं जायचंय याचं उत्तर दिलं नाहीस, म्हणून मी आपली एक जागा सुचवली.

आई म्हणते, त्याला लिही, हत्ती बघायचे तर ते बी झालं, आता ये म्हणावं.

श्रावस्ती

•

येडशी, १३ फेब्रुवारी

दादा,

तू घरात आहेस आणि मी तुला पत्र लिहितेय. हसायचं तर हस. तोंडानं सांगायला गेले तर निम्मंही सांगता येणार नाही, हे काल कळलं.

काल मला उशीर झाला. वाशीच्या बाजूचं काम लांबलं, येताना गाडीचा पट्टा तुटला आणि विहारापाशी पोचले तेव्हा वंदना सुरू झाली होती. तू येणार हे मला कुणी कळवलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. झाडाखाली एक पिकअप उभी होती, पण पौर्णिमेला किती गाड्या येतात. मी चाकं पुसली आणि रॅम्पवर चढले. आई वळणावर नव्हती. वाटलं, झालं, आज पुन्हा चपलांचा बाजार. पण नाही, रॅम्प स्वच्छ होता. सगळ्या चपला खाली पायरीपाशी ओळीनं. मनात म्हटलं, शिकलं एकदाचं गाव.

आणि वळणावर, बरोबर मध्ये, एक चप्पल.

एकच. उजव्या पायाची. टाच झिजलेली, अंगठ्यापाशी ग्रीसचा डाग. मी दुसरी शोधायला इकडंतिकडं बघितलं, सवयीनं. आणि मग कळलं, दुसरी नसणार.

दादा, मी तिथंच थांबले. आत सगळे बुद्धं सरणं गच्छामि म्हणत होते आणि एक आवाज सगळ्यांच्या एक शब्द पुढं पळत होता. चार वर्षांत तू काडीचा सुधारलेला नाहीस.

नंतर आईनं सांगितलं. पिकअप थांबली आणि नाना ओरडले, "आरं धरा त्याला, धरा!" सहा-सात जण धावले, एकानं तर तुझी कंबर पकडलीसुद्धा. तू आवाज न चढवता म्हणालास, "नाना, इचारल्याबिगर हात लावू नका." सगळे दोन पावलं मागं झाले. आई म्हणते, नानांचं तोंड एवढंसं झालं होतं. मग तू पाइपला धरत, कुबडी टेकत, एकटा वर गेलास आणि वळणावर दम खायला थांबलास तेव्हा चप्पल काढलीस. आईची काठी तिच्या मांडीवरच राहिली म्हणे.

मी ती चप्पल उचलली, मांडीवर ठेवली आणि आत आले. चाकं घासून पुसून, आणि मांडीवर चप्पल घेऊन! माझ्या ध्यानातच नव्हतं. नाना डोळे वटारून माझ्या मांडीकडं बघत होते, मला वाटलं उशीर झाला म्हणून. मग त्यांनी बघितलं कुणाची आहे ते, आणि डोळे मिटून घेतले. विहारात चप्पल नेणारी या गावातली मी पहिली.

तू खिडकीखाली बसला होतास, माझ्या जागेवर. केवढा पांढरा झालायस. संपल्यावर तू माझ्याकडं बघितलंस आणि तुझे हात उठले, नेहमीसारखे, आणि मध्येच थांबले. तू म्हणालास, "हात लावू का?"

मी हो म्हणाले की नाही मला आठवत नाही. मान हलवली असेल. मी खुर्चीतून वाकले, तू हात डोक्यावर ठेवलास आणि मी लहान पोरीसारखी रडले, सगळ्या गावासमोर. त्या फाट्यावर एवढे लोक नव्हते.

पुढं सगळा गोंधळच झाला. पोरांनी तुला वाट करून दिली, महांतेशभाऊंनी पिकअप दारापर्यंत आणली, आई ओवाळायला पुढं पळाली. तू अनवाणी घरी गेलास आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. मी सकाळच्या कामासाठी येडशीला परत आले, आणि रात्री खुर्चीची पिशवी उघडते तर आत तुझी चप्पल.

तर आता दोन गोष्टी. एक, रॅम्पवर चप्पल ठेवायची नाही. पाटी सगळ्यांना आहे, आणि एकच असली तरी तिला सूट नाही.

दुसरी, अनिरुद्ध आज पंचायत मोजायला आपल्या गावात येतोय. हे पत्र त्याच्याच हातानं पाठवतेय. चप्पलही देता आली असती. तो म्हणाला, "दे की, जाता जाता टाकतो." मी म्हणाले, राहू दे.

रविवारी मीच घेऊन येते. तोवर कुठं जाऊ नकोस.

श्रावस्ती